दात काढल्यानंतरचे चार तास

सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात सकाळी अकराच्या सुमारास सहा-सात वर्षांच्या एखाद्या मुलाची किडलेली दाढ काढली जाते. प्रत्यक्ष काढायला फार तर पाच-दहा मिनिटे लागतात. मग मुलाच्या तोंडात गॉजचा बोळा, आईच्या हातात केसपेपर आणि दाराकडे वळता वळता सांगितलेली तीन वाक्ये : बोळा अर्ध्या तासाने काढा, आज गरम काही देऊ नका, औषध खालच्या खिडकीवर मिळेल. तोवर पुढचा नंबर पुकारलेला असतो. ही तीनही वाक्ये बरोबरच आहेत. राहून जाते ते चौथे. मुलाचा ओठ, गाल आणि जिभेची एक बाजू अजून दोन ते चार तास बधिर राहणार आहे आणि तेवढा वेळ त्याने स्वतःचाच ओठ चावून काढला तरी त्याला ते कळणार नाही, हे सांगायला कोणाला सवड मिळत नाही.

हे चार तास मूल कुठे असते, याचा विचार केला म्हणजे राहून गेलेल्या त्या वाक्याची किंमत कळते. तालुक्याच्या गावाहून किंवा वाडीवरून आलेले मूल त्या वेळी घरी नसते. ते औषधाच्या रांगेत असते, एसटी स्टँडवरच्या बाकावर असते, नाहीतर गाडीत आईच्या मांडीवर असते. आई रात्रीची राहिलेली झोप खिडकीला डोके टेकून पुरी करत असते. मुलाला खालचा ओठ कसातरी जाड, लोंबल्यासारखा, परका वाटतो. ते तो दातांखाली धरून बघते. दुखत नाही. पुन्हा धरते. एखाद्या च्युइंग गमसारखा तो चघळत राहते. घर येईपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ दुप्पट सुजलेला असतो आणि त्यावर पांढरट-पिवळा, बुळबुळीत थर आलेला असतो. आई घाबरते. गल्लीतल्या दवाखान्यात तो थर ‘पू’ ठरतो आणि प्रतिजैविकाचे औषध सुरू होते. घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणते, ‘दात काढताना डॉक्टरांनी ओठच कापला असणार.’ खरे तर तो पू नसतो. चावल्यामुळे निर्जीव झालेल्या त्वचेचा आणि जखम भरून येताना तयार होणाऱ्या स्रावाचा तो थर असतो. तोंडातली जखम कोरडी खपली धरत नाही, ओली खपली धरते. ती अशीच दिसते. ती खरवडू नये, तिच्यावर हळद दाबू नये. पहिल्या दिवशी स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून थोडा थोडा वेळ शेकावे, ओठ फाटू नये म्हणून साधे व्हॅसलीन लावावे, तिखट आणि आंबट टाळावे, दुखत असेल तर पॅरासिटामोल द्यावे. बहुतेक मुलांचा ओठ आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत होतो. पण ते आठ-दहा दिवस मूल धड जेवत नाही. त्याच्या आठवणीत दात काढण्याचा अर्थ म्हणजे हा ओठ, हे पक्के होऊन बसते. पुढच्या वेळी दाढ ठणकू लागली की ते सांगत नाही, लपवते.

दात काढण्यात कुठेही चूक झालेली नसताना मुलाला सर्वाधिक त्रास होतो तो असा, दारापासून घरापर्यंतच्या प्रवासात. मुलांच्या दातांच्या उपचारांत या तासांची जबाबदारी आज कोणाचीच नाही. डॉक्टरांच्या लेखी उपचार संपलेला असतो आणि पालकांच्या लेखी तो डॉक्टरांनीच केलेला असतो.

बधिरतेचे औषध सहसा लिग्नोकेन हे असते. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये ते तयार झाले आणि आजही जगभर दंतवैद्यकाचा मोठा भार त्याच्यावर आहे. त्याच्यासोबत थोडे ॲड्रिनलिन मिसळलेले असते. त्यामुळे त्या जागच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथेच जास्त वेळ टिकते आणि रक्तही कमी जाते. दाताची बधिरता तासाभरात उतरू लागते. ओठ-गालाची मात्र रेंगाळते. खालची दाढ काढताना जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देऊन पूर्ण नस बधिर केली असेल तर त्या बाजूचा ओठ आणि जीभ दोन्ही बराच वेळ मेल्यासारखी राहतात. म्हणून खालच्या दाढेनंतर जास्त सावध राहावे लागते. मूल जितके लहान, तितका धोका अधिक. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘बधिर’ म्हणजे काय हे सांगता येत नाही. विचारले तर ते दुखतेय म्हणते किंवा नुसतेच रडते. मोठे मूल ‘आता मुंग्या येताहेत’ असे सांगू शकते आणि मुंग्या येणे ही बधिरता उतरत असल्याची खूण असते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र घड्याळावर विसंबणे बरे. अकराला इंजेक्शन दिले असेल तर तीन वाजेपर्यंत मुलाच्या तोंडाकडे लक्ष. चिमटा काढून, टोचून बधिरता तपासण्याचा उद्योग कोणी करू नये.

यावर औषध नाही, राखण आहे. मुलाला झोपू देऊ नये असे नाही, पण झोपलेच तर ओठ दातांखाली नाही ना हे पाहावे. जागे असेल तर गोष्ट सांगावी, हातात काहीतरी द्यावे. हात तोंडाकडे गेला, ओठ आत ओढला, की हळूच बाजूला करावा. ओरडून नव्हे. मूल खोडी करत नसते. आपल्या अंगाचा एक तुकडा अचानक हरवल्यासारखे वाटले तर मोठा माणूसही त्याला हात लावून पाहतोच.

आता भुकेचे पाहू. लहान मुलाला दात काढायला आणताना अनेक घरांतून ते उपाशी आणले जाते. ‘इंजेक्शन द्यायचंय’ एवढे ऐकले की सकाळपासून पाणीही द्यायचे नाही, असा समज रुजला आहे. तो पूर्ण भूल देऊन करायच्या शस्त्रक्रियेचा नियम आहे. अनेक दात एकदम काढायचे असतील किंवा मूल फारच लहान असेल, तर मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देतात. तिथे उपाशी राहण्याचे ठरलेले तास काटेकोर पाळलेच पाहिजेत. पण नुसत्या हिरडीतल्या इंजेक्शनासाठी, गुंगीचे काही द्यायचे नसेल तर, उपाशी राहायचे कारण नाही. उलट येण्याआधी तास-दीड तास पोटात काहीतरी हलके पडलेले असावे. उपाशी मूल लवकर चिडते, घाबरते, कधी चक्कर येऊन पडते. आणि सर्वात वाईट म्हणजे बाहेर पडताक्षणी त्याला खायला हवे असते. स्टँडवर जे मिळते ते सगळे या मुलासाठी चुकीचे : गरम वडापाव, कुरकुरीत वेफर्स, खारे शेंगदाणे. बधिर तोंडाला गरम लागत नाही, म्हणून जीभ आणि टाळू भाजतात. चावताना घासासोबत गालही दातांखाली येतो. शेंगदाण्याचा तुकडा दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसतो. चार केळी आणि डबाभर दहीभात घरून नेला तर यातले निम्मे प्रसंग टळतात. तोही बधिरता बरीचशी उतरल्यावर, दुसऱ्या बाजूने, चमच्याने, लहान घास. तोवर भूक आवरतच नसेल तर थंड दूध किंवा सरबत पेल्याने प्यायला द्यावे.

पेल्याने, स्ट्रॉने नव्हे. दात निघालेल्या जागी रक्ताची एक गुठळी बसते. तीच जखमेचे झाकण आणि तिच्यातूनच पुढे नवे मांस भरते. स्ट्रॉने ओढले, जोराने चूळ भरली किंवा सारखे थुंकले की तोंडात ओढ निर्माण होते आणि ती गुठळी हलते. आपल्याकडे आजारी माणसासाठी पहिल्यांदा शहाळे घेतले जाते आणि शहाळ्यात स्ट्रॉ असतेच. शहाळे जरूर द्यावे. पाणी पेल्यात ओतून द्यावे. थुंकण्याचा मोह जास्त अवघड. लाळेत रक्ताचा थेंब मिसळला तरी सगळी लाळ लाल दिसते आणि पालकच ‘थुंक, थुंक’ म्हणत एसटीच्या खिडकीतून मुलाची मान बाहेर काढतात. लाळ गिळली तर काही बिघडत नाही. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी असणे, सकाळी उशीला डाग असणे हे रक्तस्रावाचे लक्षण नाही. उशीवर जुना टॉवेल घालावा, डोके थोडे उंच ठेवावे आणि झोपू द्यावे.

खरा रक्तस्राव वेगळा दिसतो : तोंड ताज्या लाल रक्ताने पुन्हा पुन्हा भरते. तसे झाले तर स्वच्छ सुती रुमालाची किंवा गॉजची घट्ट घडी करून, पाण्याने किंचित ओली करून ती नेमकी खड्ड्यावर ठेवावी आणि मुलाला वीस ते तीस मिनिटे दाबून धरायला सांगावे. मूल लहान असेल तर आईने बोटाने दाबावे. सुटा कापूस वापरू नये, त्याचे धागे जखमेला चिकटतात. दर दोन मिनिटांनी घडी काढून ‘थांबलं का’ असे बघितले तर ते थांबत नाही. प्रत्येक वेळी गुठळी घडीबरोबर निघून येते. दोनदा नीट दाबूनही थांबले नाही, तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे. काही मुलांमध्ये हिमोफिलियासारख्या आजाराची पहिली ओळख दाढ काढल्यावरच पटते. मामाला किंवा भावाला जखमेतून रक्त फार वेळ जाण्याचा इतिहास असेल, मुलाच्या अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उठत असतील, तर ते दात काढण्याआधी सांगायला हवे, विचारले नाही तरी.

तसेच जन्मजात हृदयविकाराचे. अशा काही मुलांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा लागतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे मूल असेल तर तेही आधी सांगावे. या मुलांनी दात काढल्यावर दुखते म्हणून दिवसभर पाणी न पिणे ही साधी कुरकुर समजू नये; शरीरातले पाणी कमी झाले की त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो.

दुखण्याच्या औषधाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरात सर्वाधिक चुका इथेच होतात. दुधाचा दात काढल्यावर बहुतेक मुलांना पॅरासिटामोल पुरते. त्याचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते : एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार, शक्यतो सहा तासांचे अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. २० किलोच्या मुलाला एका वेळी २५० मिलिग्रॅम चालते. गोंधळ होतो तो बाटलीमुळे. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप मिळते आणि तेवढ्याच ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलेही. दोन्हींची खोकी जवळपास सारखी. ‘दोन झाकणं द्या’ असे एका सिरपसाठी सांगितलेले आईने लक्षात ठेवले आणि घरी दुसरे सिरप असले तर मुलाला दुप्पट औषध जाते. एकदा गेले तर सहसा काही होत नाही. दोन-तीन दिवस दर चार तासांनी जात राहिले तर यकृताला धोका होतो. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचावा. वाचता येत नसेल तर औषध देणाऱ्याकडून झाकणावर खूण करून घ्यावी. घरातला चमचा वापरू नये, तो कधी ३ मिलिलिटरचा असतो, कधी ८ चा. सर्दी-तापाच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामोल असते, हेही ध्यानात असावे.

आणखी एक. पहिला डोस दुखायला लागल्यावर नव्हे, बधिरता उतरण्याच्या आधी द्यावा. आधी दिलेले औषध बधिरता जाईपर्यंत कामाला लागलेले असते. मुलाला मध्ये कळ सोसावी लागत नाही. पॅरासिटामोलने भागले नाही तर डॉक्टर आयब्युप्रोफेन देतात. पण ते उपाशीपोटी नको आणि डेंग्यूचा संशय असताना तर नकोच. ॲस्पिरिन मुलांना द्यायचे नाही, ना गोळी म्हणून, ना हिरडीवर चुरा करून. त्याने रे सिंड्रोम हा क्वचित होणारा पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. निमेसुलाइडवर तर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. तरीही घरातल्या मोठ्या माणसाच्या पाकिटातली अर्धी गोळी ‘लवकर गुण येतो’ म्हणून मुलाला दिली जाते. असा लवकरचा गुण मुलासाठी नको.

घरगुती उपायांची सरसकट टिंगल करण्यात अर्थ नाही. कोमट हळदीचे दूध दुसऱ्या दिवशी प्यायला हरकत नाही, मूल आवडीने पीत असेल तर उत्तमच. पण हळदीची पूड खड्ड्यात भरायची नाही. लवंगेचे तेल ठणकणाऱ्या मोठ्या माणसाच्या दाढेत कापसाने लावणे वेगळे आणि लहान मुलाच्या ताज्या जखमेत ओतणे वेगळे. ते मांसाला पोळते आणि चमचाभर पोटात गेले तर लहान मुलाला विषासारखे बाधते. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा पहिल्या चोवीस तासांनंतर, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, तेही ज्या मुलाला चूळ थुंकता येते त्यालाच. आणि मशेरी अजिबात नाही. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक बायकांची मशेरी सुरू होते ती दातदुखीपासून, आणि आईच्या डबीतली चिमूटभर ठणकणाऱ्या दाढेला लावून पोरीलाही तिची ओळख होते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर १९९२ मध्ये देशात बंदी आली; घरच्या तव्यावर ती कशी पोचणार?

प्रतिजैविकाबद्दल पालकांचा आग्रह आणि डॉक्टरांची सोय यांचे एक मूक संगनमत झालेले आहे. निरोगी मुलाचा दुधाचा दात साध्या पद्धतीने काढला, चेहऱ्यावर सूज नाही, ताप नाही, तर प्रतिजैविकाची गरज नसते. ज्या दातामुळे जंतू वाढत होते तो दात निघणे हाच उपचार. तरी पाच दिवसांची बाटली लिहिली जाते, कारण बाटलीशिवाय बाहेर पडलेल्या पालकाला उपचार अर्धवट वाटतो. चार वाक्ये समजावून सांगण्यापेक्षा बाटली लिहायला कमी वेळ लागतो, हेही तितकेच खरे. जी मिनिटे ओठाबद्दल बोलण्यात जायला हवीत ती औषध कसे कालवायचे हे सांगण्यात जातात.

पुढचे दिवस सहसा सोपे असतात. त्याच रात्री बाकीचे दात ब्रशने घासावेत, फक्त जखमेची जागा सोडावी. ‘दात काढलाय, आठवडाभर ब्रश नको’ हा प्रेमळ सल्ला उलटा पडतो, कारण घाण साठली की जखम उशिरा भरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पांढरट थर दिसेल. ओठावरच्या थरासारखाच तोही भरून येण्याचा भाग. मऊ भात, वरण, खिचडी, नाचणीची आंबील, शिरा, दही यांवर दोन दिवस निघतात, तिसऱ्या दिवशी बहुतेक मुले स्वतःच पोळी मागतात. शाळेत दुसऱ्या दिवशी जायला हरकत नाही. पीटीचा तास आणि कबड्डी एक-दोन दिवस चुकवावी. मोठ्या माणसांत दात काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्डा कोरडा पडून भयंकर ठणका लागतो. लहान मुलांच्या दुधाच्या दातांत हे फार क्वचित होते. म्हणूनच मुलाचे दुखणे कमी होत जाऊन तिसऱ्या दिवसानंतर पुन्हा वाढले, गालाची सूज उतरायच्या ऐवजी चढली, १०१ च्या वर ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर वाट पाहू नये. सूज डोळ्यापर्यंत किंवा गळ्याखाली जात असेल तर तासाचाही उशीर नको.

हे सगळे ज्ञान दुर्मीळ नाही. कोणत्याही दंतवैद्याला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. प्रश्न ते बाईपर्यंत पोचते का, एवढाच आहे. आणि बहुतेक सरकारी बाह्यरुग्ण विभागांत ते पोचत नाही. गर्दी खरी आहे. एका खुर्चीमागे रांग लागलेली असताना प्रत्येक आईला दहा मिनिटे देणे शक्य नाही, हेही मान्य. पण दहा मिनिटे लागतच नाहीत. लागते एक बाक. दात काढलेल्या मुलाला बोळा निघेपर्यंत अर्धा तास त्या बाकावर बसवायचे. रक्त थांबले की नाही हे तिथेच दिसते. तेवढ्या वेळात परिचारिका किंवा आंतरवासिता करणारा विद्यार्थी बाकावरच्या चार-पाच आयांना एकदमच सगळे सांगू शकतो. मग एक चिठ्ठी : मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह, वजनानुसार औषधाचे माप लिहिलेली, आणि खाली अडचण आली तर फोन करायचा क्रमांक. मुलाच्या मनगटावर पेनाने ‘३ वाजेपर्यंत ओठ बधिर’ असे लिहून दिले तर घरी आजीला, बसमध्ये मावशीला, कोणालाही ते वाचता येते. याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. आज जो कागद काही ठिकाणी दिला जातो तो बऱ्याचदा इंग्रजीत असतो, मोठ्या माणसांसाठी लिहिलेला असतो आणि त्यात धूम्रपान टाळा असे पहिल्या ओळीत छापलेले असते. सहा वर्षांच्या मुलाला!

शाळा आणि अंगणवाडीत मुले तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्याच्या यादीत दातांची कीडही आहे. त्यामुळे किडके दात सापडतात, मुले पाठवली जातात. आश्रमशाळेतले मूल कधी शिक्षकासोबत किंवा अधीक्षिकेसोबत येते. त्याचे ते चार तास कोण राखणार? वसतिगृहात संध्याकाळी सगळ्यांसाठी जे शिजले तेच त्याच्या ताटात येणार. चिठ्ठी अशा मुलासाठी सर्वांत आधी हवी, आणि ती स्वयंपाकघरापर्यंत जायला हवी.

मुलाशी काय बोलावे, हाही उपचाराचाच भाग आहे. ‘काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं’ असे सांगून नेले आणि दुखले, तर मूल पुढच्या वेळी कोणाचेच ऐकत नाही. थोडे टोचेल, मग जागा झोपी जाईल, दात ओढल्यासारखे वाटेल, आवाज येईल पण दुखणार नाही, आणि नंतर ओठ काही वेळ जाडा वाटेल : इतके खरे सांगितलेले मुलाला पेलते. घरी रडले तर रडू द्यावे. ‘मुलगा असून रडतोस’ हे वाक्य आणि ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचू’ ही धमकी, दोन्ही घराबाहेर ठेवावीत. बक्षीस म्हणून चॉकलेट देण्याची प्रथा तर गंमतीचीच म्हणायची. ज्याने दाढ घालवली त्याचाच सत्कार. बिनकोनाचे थोडे आइस्क्रीम, बधिरता गेल्यावर, एकदा, चालते. थंडाव्याने बरेही वाटते.

आणि काढलेला दात मुलाला हवा असतो. पडलेला दात कौलावर फेकायचा, उंदराकडे नवा मागायचा, हे त्याने आजीकडून ऐकलेले असते. मागितला तर अनेक डॉक्टर तो धुऊन कागदात बांधून देतात. कौले गेली, स्लॅब आला, तरी मुलाचे दाताशी असलेले भांडण त्या फेकण्यात मिटते.

मात्र ‘दुधाचाच होता, नवा येईल’ या समाधानात दोन गोष्टी हुकतात. पहिली, तो दुधाचाच होता का? सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे घरात कोणाला कळत नाही आणि ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची आहे. ती किडली असेल तर काढण्याआधी वाचवता येईल का, हे विचारायचा पालकांना अधिकार आहे आणि तो त्यांनी वापरावा.

दुसरी गोष्ट जागेची. दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान आपापल्या वेळी पडतात. पाचव्या-सहाव्या वर्षी काढलेल्या दाढेची जागा काही वर्षे मोकळी राहते आणि मागची कायमची दाढ हळूहळू पुढे कलून ती गिळते. मग खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही, तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो, आणि चौदाव्या वर्षी तारा बसवायचा खर्च उभा राहतो. जागा राखण्यासाठी तारेची एक छोटी पट्टी बसवतात. कोणती दाढ निघाली, नवा दात किती जवळ आहे, यावर ती लागणार की नाही हे ठरते. शासकीय दंत महाविद्यालयांच्या बालदंत विभागांत ती बसवून मिळते. पण त्यासाठी जखम भरल्यावर परत यावे लागते, म्हणजे पुन्हा एक दिवस, पुन्हा एक मजुरी, पुन्हा एसटीचे तिकीट. शक्य असेल तिथे दात काढण्याआधीच तिचे माप घेऊन ठेवावे. नाहीतर परत यायची तारीख केसपेपरच्या कोपऱ्यात नव्हे, त्या चिठ्ठीवर, गावच्या बाजाराचा वार आणि शाळेची सुट्टी विचारून लिहून द्यावी.